इंजिन का गेलं, हे आधी कळू द्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी ३१ वर्षांचा, दिंडोरी तालुक्यातला. सातपूरच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार होतो, हातात १८,००० पडायचे. अक्षय्य तृतीयेला नाशिकमधल्या जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडून नऊ वर्षं वापरलेली पिकअप ४,२०,००० रुपयांना घेतली. १,२०,००० माझे साठवलेले, उरलेले ३,००,००० खासगी फायनान्सचे, १४ टक्के फ्लॅट, ३६ हप्ते. पाच हप्ते भरलेत. गाडी मीच चालवतो. टोमॅटो वाशीला न्यायचे आणि येताना भिवंडीहून रिटर्न भाडं भरायचं, असं चाललं होतं. महिन्याला ५५ ते ६० हजार मिळत होते. गणपतीनंतर टाइल्स भरून कसारा घाट चढताना टेंपरेचरचा काटा वर गेला. थांबून पाणी टाकलं, पुन्हा चालवली, आणि इगतपुरीच्या अलीकडे गाडी बंद पडली ती पडलीच. टोचन करून नाशिकला आणली. एक गॅरेजवाला म्हणतो इंजिनाचं पूर्ण काम, १,४०,०००. दुसरा कुर्ल्याहून जुनं इंजिन आणून ८५,००० मध्ये बसवून देतो म्हणतो. एक जण आहे त्या अवस्थेत १,६०,००० ला मागतोय. तयार गाडी साडेतीन लाखांना जाईल असं दोघा-तिघांनी सांगितलं. वडील म्हणतात, विकून टाक आणि कंपनीत परत जा. बायको म्हणते, माझे दागिने मोडा. तिला यातला हिशेब कळत नाही. मित्र म्हणतात, तात्पुरती चालू करून कुणाच्या तरी गळ्यात मार. डीलरने व्हॉट्सॲपवर ‘इंजिन खोललेलं नाही, एकदम ओके’ असं लिहून दिलं होतं, आता फोन उचलत नाही. एवढे पैसे घातल्यावर गाडी सोडवत नाही, आणि फसवला गेलो हेच डोक्यात फिरतं. काय करू?

नमस्कार,

तुमच्या पत्रात रकमा भरपूर आहेत. दुरुस्तीची, जुन्या इंजिनाची, भंगारभावाची, तयार गाडीची. पण इंजिन नेमकं कशाने गेलं, हे पत्रात कुठेच नाही. आणि ते कळल्याशिवाय यातली एकही रक्कम खरी मानू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. १,४०,००० सांगणाऱ्याने इंजिन अजून उघडलेलं नाही. त्याने आवाज ऐकला, ऑइलची पट्टी काढून पाहिली आणि अनुभवाने आकडा सांगितला. तो बरोबरही असेल. पण काटा वर जाऊन बंद पडलेल्या गाडीत नुसतं हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, जळलेलं असू शकतं, हेड वाकलेलं असू शकतं, पिस्टन बोअरमध्ये, म्हणजे ज्या नळीत ते वरखाली होतात तिच्यात, अडकलेले असू शकतात, किंवा क्रँकपर्यंत, म्हणजे खालच्या मुख्य दांड्यापर्यंत, सगळं गेलेलं असू शकतं. पहिल्या आणि शेवटच्या शक्यतेच्या खर्चात कित्येक पटींचा फरक आहे.

म्हणून गॅरेजला आधी फक्त उघडून तपासायचं काम द्या. त्याची मजुरी वेगळी ठरवा, पुढचं काम त्याच्याकडे केलं नाही तरी ती मिळेल असं सांगा, म्हणजे त्याचाही जीव टांगणीला लागणार नाही. उघडताना तुम्ही तिथे हजर राहा. भाडं बुडालेलंच आहे, एक दिवस आणखी गेला तरी चालेल.

पण ‘उघडा’ म्हणण्याआधी चार दिवस थांबून एक काम करा. डीलरला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा: गाडी अमुक तारखेला घेतली, तुम्ही व्हॉट्सॲपवर असं लिहून दिलं होतं, गाडी अमुक दिवशी बंद पडली, अमुक तारखेला अमुक गॅरेजमध्ये इंजिन उघडणार आहे, तुम्ही किंवा तुमचा माणूस हजर राहा. तो येणार नाही. न येवो. पत्राची पोचपावती तुमच्याकडे राहील. त्या दिवशी शक्य असेल तर एखादा स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअर किंवा परवाना असलेला सर्व्हेअर बोलवा आणि त्याचा लेखी अहवाल घ्या. एकदा पार्ट सुटे होऊन डिझेलने धुतले गेले, की सिद्ध करण्यासारखं काही उरत नाही.

आता काय बघायचं ते सांगते. हेड निघालं की पिस्टनचा माथा दिसतो. त्यावर काजळी असते, ती फडक्याने पुसा. तिथे ०.५० असा आकडा कोरलेला दिसला, तर त्या इंजिनाला आधी बोअर मारून, म्हणजे नळ्या आतून मोठ्या करून, मोठ्या मापाचे पिस्टन घातलेले आहेत. म्हणजे ‘खोललेलं नाही’ हे डीलरचं वाक्य तिथल्या तिथे खोटं ठरलं. त्या आकड्याचा जवळून, स्पष्ट फोटो काढा, आणि त्याच फोटोच्या मागेपुढे गाडीचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबरही टिपून ठेवा. कडेकडेने सिलिकॉन फासलेलं दिसलं, बोल्टच्या डोक्यांवर पान्याचे ताजे ओरखडे दिसले, तर त्यांचेही फोटो घ्या. उलट पिस्टन मूळ मापाचे निघाले आणि सगळं कंपनीचंच दिसलं, तर त्या माणसाने निदान या बाबतीत खोटं सांगितलेलं नाही. तेही मान्य करायची तयारी ठेवा.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘फसवला गेलो’ हे तुम्ही गृहीत धरून चाललात. झालं असेल तसं. पण नऊ वर्षांची गाडी पाच महिने भरून चालवल्यावर बंद पडली, एवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही. तुमच्या हातात खरी वस्तू आहे तो व्हॉट्सॲप मेसेज. तो जपा, फोन बदलू नका, स्क्रीनशॉट दुसरीकडे साठवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूंना साधारणपणे जागा नाही, पण स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला ही आडकाठी नाही. गाडी तुम्ही स्वतः चालवता, एकच गाडी आहे, हे तुमच्या बाजूचं आहे. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्याआधीच्या तडजोडीची सोय असते, तिथेही विचारा. डीलर मंडळींना तारखांपेक्षा तडजोड परवडते. मात्र हे पैसे येतील असं धरून गाडीचा निर्णय घेऊ नका. आले तर आले.

विम्याचं विचारलेलं नाही, पण मनात असेलच. झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या वाहन विम्यात बसत नाहीत. तिकडे वेळ घालवू नका.

मूळ कारणाकडे परत येते. इंजिन गरम झालं म्हणून गेलं, हे तुम्हालाही माहीत आहे. प्रश्न आहे ते गरम का झालं. बऱ्याच डिझेल इंजिनांत हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असतो. तापल्यावर ॲल्युमिनियम जास्त फुगतं, हेड वाकतं, मधलं गॅसकेट जळतं, मग पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये जातं. ऑइल दुधाळ झालं की त्याचं वंगण संपलं, आणि तिथून पुढे बेअरिंग आणि क्रँक. या सगळ्याची सुरुवात रेडिएटर आतून चोंदल्याने झाली असेल, वॉटर पंपाची गळती असेल, पंख्याचं कपलिंग सैल झालं असेल. अनेक जुन्या गाड्यांत थर्मोस्टॅट (इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांभाळणारी झडप) कुणीतरी काढून टाकलेला असतो आणि कूलंटच्या जागी वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी भरलेलं असतं, त्याचा क्षार आत बसतो. यातलं काय होतं ते शोधून, दुरुस्त करून, मग इंजिन बसवायचं. नाहीतर नवं काम केलेलं इंजिन त्याच रेडिएटरला जोडलं जाईल आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच घाटात तुम्ही परत उभे असाल.

आणि वजन. हे जरा कडू लागेल. आरसी काढा, त्यावर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं एकूण वजन असे दोन आकडे असतात. वजाबाकी करा. या वर्गातल्या बऱ्याच पिकअपची ती सव्वा ते पावणेदोन टनांत येते. टोमॅटोचं एक क्रेट २० किलोचं. शंभर क्रेट भरली की दोन टन झाले, प्लास्टिकच्या क्रेटचं वजन वेगळंच. टाइल्सचे तर थोडेच थर लागले तरी टनावर जातात, आणि हौद अर्धा रिकामा दिसतो म्हणून आणखी चार पेट्या चढवायचा मोह होतो. तुम्ही त्या दिवशी किती भरलं होतं ते पत्रात नाही. मला सांगू नका, पण कागदावर लिहून काढा. काटा वर गेल्यावर पाणी टाकून लगेच पुन्हा चढ घेतला, त्याचाही या नुकसानीत वाटा असण्याची दाट शक्यता आहे. माल वेळेत पोचवायचा, रात्रीचा घाट, मागे गाड्यांची रांग. तुमच्या जागी बहुतेकांनी तेच केलं असतं. पुढच्या वेळी काटा हलला की गाडी कडेला, इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात नाही, आणि गॅरेजला फोन.

आता पैशांचं. ‘एवढे घातलेत, आता सोडवत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. ते ४,२०,००० आता कुठल्याही मार्गाने परत येणार नाहीत, त्यामुळे त्यांना या हिशेबात जागाच नाही. आजपासून पुढचं बघा. आहे तशी विकली तर १,६०,००० येतील. तयार करून विकली तर ३,५०,०००. मधलं अंतर १,९०,०००. म्हणजे दुरुस्ती त्याच्या आत बसली तरच करण्यात अर्थ. गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार, हप्ता मात्र चालू राहणार, हे धरून मी तुमची मर्यादा १,६५,००० ठेवीन. तपासणीनंतरचा लेखी अंदाज याच्या आत आला तर काम करा. वर गेला तर विकायचं बघा, मग कुणी कितीही समजावलं तरी.

वडिलांचा ‘विकून टाक’ हा सल्ला मायेपोटी आहे, पण त्यात एक गोष्ट सुटली आहे. १४ टक्के फ्लॅट म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पूर्ण तीन लाखांवरच लागतं, त्यामुळे तुमचं खरं व्याज साडेचोवीस टक्क्यांच्या आसपास जातं. पाच हप्ते भरूनही मुद्दल अजून २,७०,००० च्या घरात शिल्लक असेल. १,६०,००० ला विकून वर १,१०,००० खिशातून भरावे लागतील, शिवाय मुदतीआधी कर्ज बंद करण्याचे चार्जेस. फायनान्सचं ना हरकत पत्र आल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. स्टँप पेपरवर लिहून गाडी देऊ पाहणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. आरसीवर नाव तुमचं असेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्यावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात हेच स्पष्ट केलं आहे.

कुर्ल्याच्या इंजिनाबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. ८५,००० स्वस्त वाटतात, पण त्या इंजिनाचा इतिहास तुमच्या आत्ताच्या इंजिनापेक्षाही अंधारात आहे. घ्यायचंच असेल तर ते कुठल्या गाडीतून निघालं याची कागदपत्रं आणि पक्कं बिल हवं. इंजिन नंबर बदलला की आरटीओत नोंद करावी लागते. नोंद नसेल तर फिटनेसला गाडी अडते, विम्याचा दावा अडतो, आणि इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस तुमच्या दारात येतात. कागदपत्रं मागितल्यावर जो गप्प होतो, त्याच्याकडून घेऊ नका.

काम करायचं ठरलं तर मजुरी आणि पार्ट यांचा अंदाज वेगवेगळा लिहून घ्या. लेथवर हेड फेसिंगला (तळ सपाट करायला), क्रँक ग्राइंडिंगला (घासायला) जाईल तेव्हा शक्यतो सोबत जा. लेथवाला हेड टेबलावर उलटं ठेवतो, त्यावर सरळ पोलादी पट्टी आडवी धरतो आणि पट्टीखाली फिलर गेज, म्हणजे मापाचं पातळ पोलादी पान, सरकवून बघतो. जिथे ते पान सरकतं तिथे हेड वाकलेलं आहे. ते स्वतः डोळ्यांनी बघा. हेडला बारीक चीर आहे का, ते प्रेशर टेस्टने कळतं. ती न करता हेड बसवू देऊ नका. बदललेले जुने पार्ट पोत्यात भरून परत मागा. काम झाल्यावर पहिले हजार किलोमीटर अर्ध्या वजनाने चालवा, घाट टाळा, आणि ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदला.

धंद्याचाही एकदा नीट हिशेब मांडा. ५५-६० हजार मिळत होते असं तुम्ही म्हणता, पण ते भाडं आहे, कमाई नाही. वाशीची एक फेरी जाऊन-येऊन चारशेच्या आसपास किलोमीटर. लिटरला १३ किलोमीटर धरले तर ३१ लिटर, ९० रुपयांनी पावणेतीन हजारांचं डिझेल. दहा फेऱ्यांचे २८,०००. टोल, हमाली, जेवण ४,०००. हप्ता ११,८३३. टायर, ऑइल, विमा, फिटनेस यांच्यासाठी महिना ५,००० बाजूला टाकायलाच हवेत, आणि आत्ताचा दणका बसला तो बहुधा हे पैसे बाजूला नसल्यामुळेच. ५८,००० मधून हे सगळं वजा केलं तर हातात ९,००० उरतात. कंपनीत १८,००० पडत होते. हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही. पण वडील परत कंपनीत जा म्हणतात तेव्हा ते तुम्हाला हरलेला समजत नाहीत, एवढं तरी या आकड्यांतून बघा. गाडी ठेवायची असेल तर फेऱ्यांची रचना बदलावी लागेल: हंगामात पिंपळगाव बसवंत, गिरणारे, नाशिक मार्केट यार्ड अशी जवळची, दिवसाला दोन होतील अशी भाडी जास्त, आणि वाशी फक्त परतीचं भाडं आधी ठरलेलं असेल तेव्हा. टोमॅटो संपल्यावर जानेवारीपासून द्राक्षं आहेत, पण मधल्या आणि पावसाळ्याआधीच्या सुन्या महिन्यांचा हप्ता कुठून येणार, तेही आत्ताच लिहून ठेवा.

हा हिशेब बायकोसोबत बसून मांडा. ‘तिला हिशेब कळत नाही’ असं तुम्ही लिहिलं आहे, आणि दागिने मात्र तिचे लागणार आहेत. घरखर्च तीच चालवत असेल तर उरतं किती आणि पुरतं किती हे तिला तुमच्याइतकंच कळतं. दागिने मोडू नका. लागलेच तर बँकेत किंवा चांगल्या पतसंस्थेत सोनेतारण ठेवा. त्याचं व्याज तुमच्या आत्ताच्या कर्जापेक्षा बरंच कमी असतं. किती रुपयांपर्यंत ठेवायचे आणि कोणत्या महिन्यापर्यंत सोडवायचे हे दोघांनी मिळून ठरवा. तिने पुढे केले म्हणून सगळे उचलू नका. मंगळसूत्र तर यात आणूच नका, असं मला वाटतं. यावर तुमचं दुमत असेल तर तिला विचारा, मला नको.

मित्रांच्या सल्ल्यावर फार लिहायचं नाही. दोष झाकून गाडी विकायची, हेच डीलरने तुमच्याशी केलं असा तुमचा आरोप आहे. घेणारा तुमच्यासारखाच कुणी तरी हप्त्यावर घेणारा असेल. विकायची झाली तर इंजिनाचा अहवाल आणि बिलं दाखवून विका. बिलं दाखवणाऱ्या माणसाच्या गाडीला चार पैसे जास्तच मिळतात.

जे वाचक जुनी पिकअप घ्यायच्या बेतात आहेत त्यांच्यासाठी: गाडी बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना, आणि ‘आधीच चालू करून ठेवली’ असं म्हणाला तर दुसऱ्या दिवशी परत जा. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडा. तिथून धुराचा भपका येत असेल तर ती बॅक कम्प्रेशन मारते आहे, म्हणजे झिजलेल्या पिस्टनच्या कडेने सिलिंडरमधला गॅस खाली उतरतो आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जातंय. रेडिएटरमध्ये कूलंट आहे की गढूळ पाणी, ते बघा. वजन भरून चढावर चालवून बघितल्याशिवाय इसार देऊ नका. परिवहनच्या ॲपवर मालक, फिटनेस, विमा आणि बोजा तपासा. आणि डीलर तोंडी जे सांगतो ते व्यवहाराच्या कागदावर लिहून घ्या. किंमत ठरवताना दुरुस्तीसाठी वेगळे पैसे उरतील अशीच गाडी घ्या. सगळी साठवण डाऊन पेमेंटमध्ये गेली की पहिलाच बिघाड कर्जात नेतो.

तुमच्यासाठी या आठवड्यातली दोन कामं राहिली. फायनान्स कंपनीच्या शाखेत स्वतः जा, हप्ता चुकायच्या आधी, आणि गाडी बंद असल्याचं लेखी देऊन एक-दोन हप्ते पुढे ढकलता येतील का ते विचारा. हप्ता बाऊन्स झाल्यावर गेलात तर तेच लोक वेगळ्या आवाजात बोलतात. आणि ज्या शेतकऱ्यांचा माल तुम्ही नेत होता त्यांना फोन करा. ओळखीच्या दुसऱ्या पिकअपवाल्याला ती भाडी द्या, थोडं कमिशन घ्या, शक्य असेल तर त्याच्यासोबत स्वतः जा. गाडी महिन्याभराने तयार होईल, तोवर टोमॅटोचा हंगाम संपलेला नसेल आणि तुमची गिऱ्हाइकं तुटलेली नसतील. पिस्टनवर काय आकडा निघाला, ते मात्र मला जरूर कळवा.